पाच ओळींचा मेसेज

२०१० साल होतं आणि मला एकोणसाठावं लागलं होतं. मंडईच्या मागच्या बोळात माझं दुकान. दुकान म्हणजे काय, तर मी आत बसलो की गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहून बोलायचं, एवढी जागा. पाटीवर 'रेडिओ, टेप, टीव्ही' होतं, ते तसंच ठेवून खाली नव्या रंगात 'लॅपटॉप' लिहून घेतलं. रंगाऱ्यानं 'लॅपटाप' लिहिलं. म्हटलं राहू दे, इथे सगळं बिघडलेलंच यायचंय.

माझं शिक्षण चौथी पास. हे मी कधी लपवलं नाही, उलट मिरवत आलो. गळ्यात पट्टा अडकवलेले, हिंजवडीला कामाला जाणारे इंजिनियर माझ्या फळीपुढे उभे राहायचे आणि चौथी पास माणूस त्यांचं मशीन उघडायचा. मला त्याचा माज होता. असावा असंच काम होतं माझं. पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हणालात तेव्हा ठरवलं, की जमलेल्या कामांचं पुराण सांगायचं नाही. ते सगळेच सांगतात. मी एका लॅपटॉपचं सांगणार आहे. तो मी चालू करून दिला, आणि ते माझ्या हातचं सगळ्यांत वाईट काम.

आधी धंद्यातलं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

'डिस्प्ले नाही' ही तक्रार रोज यायची. मशीन चालू होतं, पंखा फिरतो, दिवे लागतात, पण पडदा काळा. गिऱ्हाईक म्हणायचं, "मेला हो." मी म्हणायचो, तेराव्याची घाई करू नका. पडद्यात दोन गोष्टी असतात. एक काच, तिच्यावर चित्र उमटतं. दुसरा काचेच्या मागचा दिवा, त्याच्या उजेडात ते चित्र आपल्याला दिसतं. मी खिशातली उजेडाची बॅटरी तिरकी धरून काळ्या काचेवर मारायचो. पुसट चित्र दिसलं तर फक्त दिवा गेलाय. काहीच दिसलं नाही तर दुकानातला मोठा टीव्हीसारखा मॉनिटर मागून जोडायचा. त्यावर चित्र आलं तर आतलं बोर्ड जिवंत आहे. तिथंही नाही आलं, तर मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचे आणि परत बसवायची. शाळेत जे खोडरबर झिजवलं नाही ते मी असं झिजवलं. निम्मे लॅपटॉप तेवढ्यावर जागे व्हायचे.

एकदा एक साहेब आले. मोठ्या कंपनीत, बोलणं निम्मं इंग्रजी. पडदा काळा. त्यांनी स्वतःच निदान करून आणलं होतं, बोर्ड बदलावं लागेल म्हणाले. मी बॅटरी मारली, चित्र दिसलं. मग उजेड वाढवायचं बटण चार वेळा दाबलं. पडदा लख्ख.

"काय केलंत?" ते म्हणाले.

"उजेड कमी झाला होता. वाढवला."

"म्हणजे बिघाड काहीच नव्हता?"

"मशीनमध्ये नव्हता," मी म्हटलं.

असं बोलायची मला सवय. दुकानात पाटीच लावली होती, 'काम चालू असताना आत डोकावू नये. सल्ला घरी द्यावा.' लोक हसायचे, फोटो काढायचे. पाटी मी कशासाठी लावली हे कुणाला माहीत नव्हतं.

कारण हे. मला इंग्रजी वाचता येत नाही.

मराठी येतं, सावकाश येतं. इंग्रजीचे आकडे येतात, सुटी अक्षरं ओळखता येतात, पण शब्द लागत नाहीत. आणि लॅपटॉप तर बोलतो सगळा इंग्रजीत. मग मी मेसेज चेहऱ्यानं ओळखायला शिकलो. रस्त्यात माणूस दिसला की आपण त्याचं नाव वाचत नाही, चाल बघूनच ओळखतो, तसं. दोन ओळींचा मेसेज आणि खाली दोन चौकोन, म्हणजे अमुक. निळा पडदा आणि वर पांढरी एकच ओळ, म्हणजे तमुक. तीन अक्षरांचा चौकोन म्हणजे होय, दोन अक्षरांचा म्हणजे नाही. असे शंभर-दीडशे चेहरे माझ्या डोक्यात होते. चालायचं. इतकं चालायचं, की मला येत नाही हे मीच विसरून गेलो होतो. बायकोला माहीत होतं. दुसऱ्या कुणाला नाही.

तर गणपती होऊन गेल्यावर एक जोडपं दुकानात आलं. रजनीताई आणि त्यांचे यजमान सुधाकर. मूळचे वर्ध्याकडचे, पुण्यात येऊन आठ-नऊ वर्षं झालेली, वारज्यात भाड्यानं राहायचे. सुधाकर एका कारखान्यात प्रेस मशीनवर. रजनीताईंचं काम वेगळं होतं, मला आवडलं म्हणून मी विचारून घेतलं. त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन होतं. ब्लाउजची पाठ, साडीचे काठ, त्यावरच्या वेली-पक्षी त्या स्वतः लॅपटॉपवर काढायच्या. प्रत्येक टाका कुठून कुठे जाईल तो हातानं बसवायचा. एका मोराला आठवडा जायचा म्हणाल्या. तयार झालं की डिझाइन पेनड्राइव्हवर घालून मशीनला द्यायचं. पेनड्राइव्ह एकच, त्यावर एका वेळी एक. बाकी सगळं लॅपटॉपमध्ये. तीन वर्षांचं काम.

लॅपटॉप जुना होता. सुधाकरना कंपनीतल्या कुणीतरी नव्या सिस्टिमची सीडी दिली. बायकोचं मशीन सावकाश चालतं, नवी सिस्टिम घातली की पळेल, म्हणून रविवारी बसून त्यांनी ती घातली. झालं. पडदा काळा.

"मी तर नुसतं नेक्स्ट, नेक्स्ट करत गेलो," सुधाकर म्हणाले.

"यांनी केलं हे," रजनीताई म्हणाल्या, पण हसून. "मी म्हणून राहिली होती, चालून राहिलं तर हात नका लावू. पण नाही. बायकोले सरप्राइज."

मी मशीन चालू केलं. सुरुवातीला कंपनीचं नाव दिसलं आणि मग अंधार. तिथेच निदान झालं. सुरुवातीचं नाव दिसतं म्हणजे काच ठीक, दिवा ठीक, बोर्ड ठीक. नवी सिस्टिम आली की अंधार, म्हणजे नव्या सिस्टिमला हा जुना पडदा चालवता येत नाही. नवा ड्रायव्हर गाडीत बसलाय, पण जुन्या गाडीचे गिअर त्याला माहीत नाहीत. मी हे दोघांना असंच समजावून सांगितलं. रजनीताई म्हणाल्या, "म्हणजे माहे डिझाइन आहेत ना आत?"

"आहेत. जागच्या जागी."

आणि ते खरं होतं. मी तसं बोललो तेव्हा प्रत्येक मोर, प्रत्येक वेल आत जागच्या जागी होती.

आता यातून बाहेर यायला दोन रस्ते. एक, मॉनिटर जोडून नव्या सिस्टिमला जुन्या पडद्याची ओळख करून द्यायची. त्यात वाचायचं फार असतं. दुसरा रस्ता जवळचा. या मशीनमध्ये कंपनी जुन्या सिस्टिमची एक प्रत डिस्कच्या कोपऱ्यात लपवून ठेवते. चालू होताना वरचं एक बटण धरलं की ती प्रत परत बसते आणि मशीन जुनं होतं. ते बटण धरलं की दोन पर्याय येतात. एकात सिस्टिम बदलते आणि तुमचं सामान राहतं. दुसऱ्यात सगळं पुसून मशीन दुकानातून आणलं तसं होतं. मी त्याआधी अशी मशीनं केली होती. वरचा पर्याय सामान ठेवणारा, खालचा पुसणारा. चेहरा पाठ होता.

मी दुसरा रस्ता धरला. पहिल्यात वाचायचं होतं म्हणून.

पर्याय आले. मी वरचा दाबला. मग लाल चौकटीत मेसेज आला. ह्या ठिकाणी नेहमी दोन ओळी असायच्या. आज पाच होत्या.

मी थांबलो. हे मला आज, इतक्या वर्षांनी, स्वच्छ आठवतं. नकळत झालं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. मला ओळी जास्त दिसल्या आणि माझा हात थांबला.

रजनीताई फळीवर वाकून बघत होत्या. त्या बारावी शिकलेल्या. त्यांना वाचता आलं असतं.

"काय लिहिलंय काका त्याच्यात? लालमध्ये काहून आहे?"

मी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. पाटीकडे बोट केलं.

"अहो, पण वाचून तर पहा ना."

"ताई, तीस वर्षं हेच करतोय. तेच नेहमीचं असतं ते."

आणि मी तीन अक्षरांचा चौकोन दाबला.

वीस-पंचवीस मिनिटं लागली. सुधाकर कोपऱ्यावरून चहा घेऊन आले, तिघं प्यायलो. मग पडदा उजळला. रजनीताईंनी टाळी वाजवली. "आलं नं बाप्पा!" सुधाकरनी माझा हात हातात घेतला. त्यांच्या तोंडावर असं काही आलं होतं, की परीक्षेत सुटलो. मी मात्र पडद्याकडे बघत होतो. फार स्वच्छ होता. दुकानातून नवा आणल्यासारखा.

रजनीताईंनी माउस हातात घेतला. इकडे दाबलं, तिकडे दाबलं. मग हळूच विचारलं, "डिझाइनचं फोल्डर कुठे गेलं?"

मला त्याच क्षणी समजलं. या मॉडेलमध्ये पर्याय उलटे होते.

आमच्या धंद्यात एक गोष्ट असते, ती बाहेरच्यांना माहीत नसते. गिऱ्हाइकाला आत काय झालं ते कधीच कळत नाही. डॉक्टरच्या हातून चुकलं तर दुसरा डॉक्टर सांगू शकतो. इथे मी सांगेन ते खरं. म्हणून माणूस एकदा खोटं बोलायला लागला की त्याला अडवणारं कुणी नसतं.

मी म्हटलं, "ते अपग्रेडमध्येच गेलं. सीडी घातली ना, तेव्हाच पुसलं गेलं. मी फक्त पडदा आणून दिला."

"पण तुम्ही तर म्हटलं जागच्या जागी आहे."

"बाहेरून तसंच वाटतं."

सुधाकर म्हणाले, "काका, पण मी सीडी घातली तेव्हा पुसायचं काही विचारलं नव्हतं. मी नुसतं नेक्स्ट..."

"तेच तर," मी म्हटलं. आणि वर, मला शोभलं नाही असं, "न वाचता नेक्स्ट दाबत सुटलं की असंच होतं साहेब. मेसेज वाचायचे असतात."

हे मी बोललो. मी.

रजनीताईंनी सुधाकरकडे बघितलं. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. पिशवीत लॅपटॉप ठेवला, वायर गुंडाळली, आणि नवऱ्याच्या पुढे चालत बोळातून निघून गेल्या. सुधाकर मागून.

संध्याकाळी शब्बीर आला. त्याचं दुकान पलीकडच्या गल्लीत, बिघडलेल्या डिस्कमधून पुसलेलं सामान परत काढून द्यायचं काम तो करतो. मी त्याला विचारलं, माझं नाव न लावता. एकाच्या हातून असं असं झालं, तर निघतं का रे?

"निघतं की काका," तो म्हणाला. "पुसलं म्हणजे काय, वहीतली अनुक्रमणिका फाडली. पानं आतच असतात, त्यांच्यावर दुसरं काही लिहीपर्यंत. सिस्टिम परत बसली त्यात थोडी पानं गेली असतील, पण बरीचशी निघतील. फक्त त्यांना म्हणावं, मशीन चालूच करू नका. नवीन काही घालू नका. उद्या घेऊन या."

"उद्या?"

"जितकं लवकर तितकं बरं. चालू ठेवलं तर रोज वरून लिहिलं जातं."

पावतीपुस्तकात रजनीताईंचा पत्ता आणि नंबर होता. एक फोन. पण फोन करून काय सांगायचं? सामान अपग्रेडमध्ये गेलं असेल तर मला आता कशाची आठवण झाली? मशीन बंद ठेवा म्हटलं की त्या विचारणार, का? आणि त्या 'का'च्या पोटात ते सगळंच होतं. लाल चौकट, पाच ओळी, तेच नेहमीचं असतं ते. मी पावतीपुस्तक मिटलं. मनाला म्हटलं, बघू. बायकोनं जेवताना विचारलं काय झालं, तर तिच्यावरच ओरडलो.

बटण दाबलं ती चूक होती. माणसाच्या हातून होते. फोन केला नाही ती चूक नव्हती. दुसरं जे काही म्हणतात ते होतं. त्या बाईचं तीन वर्षांचं काम त्या संध्याकाळीसुद्धा जिवंत होतं आणि ते मला एकट्याला माहीत होतं. आठ दिवस गेले, पंधरा गेले. रोज ती पानं वरून लिहून भरत होती. मी रोज दुकान उघडत होतो.

संक्रांतीच्या सुमाराला सुधाकर एकटेच आले. चार्जर बिघडला होता. मला बघून हसले. मला वाटलं भांडायला आलेत. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. त्यांच्या लेखी मी पडदा आणून देणारा माणूस होतो.

"ताई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. डिझाइन परत काढून राहिली. जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली थोडी." मग म्हणाले, "मला मशीनच्या खोलीत येऊ देत नाही हो काका. मी चहा घेऊन गेलो तर दाराशीच घेते. म्हणते, तुमचा हात लागला की जातं." आणि हसले. "घरी टीव्हीचा रिमोटही पोरगीच चालवते. मला मनाई आहे."

मीही हसलो. हसलो, हेही लिहितो.

"गंमत सोडा," ते म्हणाले, "पण माझाच भरवसा गेला. कंपनीत प्रेसचं बटण दाबताना दोनदा थांबतो. वाटतं, आपण काहीतरी वाचायचं राहिलं. सुपरवायझर ओरडतो. नऊ वर्षं तेच मशीन चालवून राहिलो, आणि आता बाजूच्याला विचारतो, दाबू का?"

मी चार्जर नीट केला. वायर तुटली होती, डाख देऊन जोडली. पैसे घेतले नाहीत. ते नको नको म्हणत होते. जाताना म्हणाले, "तुम्ही तेव्हा बरोबर बोलले काका. वाचायला पाहिजे होतं."

त्यानंतर मी दुकानाचं शटर खाली ओढलं. मंडईच्या बाजूला जाऊन उगाच भाजी बघत फिरलो. साठीला आलेला माणूस, आणि कारखान्यातला एक भला माणूस माझं वाक्य चार महिने डोक्यावर घेऊन फिरतोय. मी त्याला शिकवलं होतं, मेसेज वाचायचे असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. घर येरवड्याला, तिथूनच बस धरली, मध्ये बदलली, आणि पावतीवरचा पत्ता विचारत विचारत वारज्याला गेलो. दुसरा मजला. आतून मशीनचा खडखडाट येत होता. बेल वाजवली तसा तो थांबला.

रजनीताईंनी दार उघडलं. "काका? तुम्ही?"

बसायच्या आत सांगून टाकलं. बसलो असतो तर चहा आला असता, आणि चहा आला असता तर मी बोललो नसतो. पर्याय उलटे होते ते सांगितलं. पाच ओळी होत्या ते सांगितलं. मला इंग्रजी वाचता येत नाही, ते सांगितलं. ते शब्द बायकोशिवाय कुणाला पहिल्यांदाच सांगत होतो. शब्बीरचंही सांगितलं. ते सांगायला नको होतं असं क्षणभर वाटलं, पण सांगितलं.

त्या दाराला धरून उभ्या होत्या.

"म्हणजे दुसऱ्या दिवशी फोन केला असता, तर निघालं असतं?"

"बरंचसं."

"आता?"

"आता नाही. मी शब्बीरला विचारून आलोय. आता त्यात काही राहिलं नसेल."

मला वाटलं आता दार लावतील. लावलं असतं तरी बरोबर होतं. मग म्हणाल्या, "वाचता येत नाही त्याची मला काही लाज वाटली नसती, काका. मी वाचून दिलं असतं. मी तर तिथेच उभी होती."

"होतात," मी म्हटलं.

"आणि हे मला काहून सांगून राहिले?" त्या म्हणाल्या. "माझं गेलं ते गेलं. यांना सांगा."

"कंपनीत असतील ना?"

"रात्रपाळी झाली. आत झोपले आहेत. उठवते."

"राहू द्या. झोपू द्या. मी संध्याकाळी येतो."

"नाही," त्या म्हणाल्या. "चार महिने मी त्या माणसाला सुखानं झोपू नाही दिलं."

त्या आत गेल्या. हाक ऐकू आली, एकदा, मग दुसऱ्यांदा, हळू आवाजात. सुधाकर बनियनवर बाहेर आले, डोळे चोळत. मला बघून गडबडले. खुर्ची पुढे ओढायला लागले.

"काका, चार्जर एकदम मस्त चालून राहिला," म्हणाले. "तुम्ही कशाला इतक्या लांब आले?"

मी खुर्चीत बसलो नाही. उभ्यानंच त्यांना म्हटलं, "सुधाकर, ते बटण तुम्ही नाही दाबलं. मी दाबलं."